एकोणीस वाक्यं

"वाच. मोठ्यानं वाच," मॅनेजर म्हणाला.

मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात रोज सकाळी साडेआठला मीटिंग होते. अकरा माणसं उभी. मी एक्कावन्न वर्षांचा, मॅनेजर सोळा वर्षांनी लहान. बाकीच्यांना 'तुम्ही', मला 'तू'. मशिनवर बनलेल्या भागांची, म्हणजे जॉबची, मापं तपासून मी आदल्या दिवशी इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा आणि सकाळी सगळ्यांसमोर वाचायचा. काल मोजलेलं मी वर्तमानकाळात लिहिलेलं असायचं. तो मला क्रियापदाला अडवायचा. "हे काल झालं की आज होतंय?" लोक हसायचे. एकदा म्हणाला, "कोट्यातलं इंग्रजी आहे, सांभाळून घ्या." त्या दिवशी सगळ्यात जास्त हसले.

खासगी कारखान्यात कोटा नसतो. मी परीक्षा देऊन लागलो. पण त्या दिवशी मीही हसलो. हे लिहिलंच पाहिजे.

आम्ही बौद्ध. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला. त्यामुळे मला वाटलं, चूक माझीच आहे, सुधारली की हे संपेल. मुलीचं व्याकरणाचं पुस्तक घेतलं. कामावर जाण्याआधी रोज वीस वाक्यं, आधी वर्तमानकाळात, मग भूतकाळात. पाच महिने. मुलगी तपासायची. "आप्पा, आज दोनच चुकली बघा," म्हणायची.

मग एका मंगळवारी रिपोर्टमध्ये एकोणीस वाक्यं होती. सगळी बरोबर. मी वाचत गेलो, तो अडवेना. शेवटी कागद हातात घेऊन त्यानं दोनदा पाहिला.

"कुणाकडनं लिहून घेतलंस?"

लोक हसले. चुकीला हसायचे तेवढेच.

दुपारी मी फाईल काढली. माझ्याशिवाय चार तपासनीस आहेत. त्यांचे एका आठवड्याचे रिपोर्ट वाचून काळाच्या चुका मोजल्या. एकतीस. माझ्या कागदावर असायची तशी लाल खूण एकीलाही नाही. त्या चौघांना कधी कुणी वाचायला लावलेलं नाही. खात्रीसाठी पुन्हा मोजल्या. एकतीसच.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मॅनेजरनं कागद पुढे केला. मी हात मागे घेतला.

"मी वाचणार न्हाय. आधी त्या चौघांचं वाचून घ्या."

कुणी हसलं नाही. शेजारचा मशिनवाला तेवढा कानाशी पुटपुटला, "अण्णा, वाचून टाका की. लई ताणू नका."

महिन्याभरात मला तपासणीतून काढून पॅकिंगला टाकलं. सुपरवायझरची जागा रिकामी होती, ती त्या चौघांतल्या एकाला मिळाली. चौदा वर्षं माझ्याबरोबर डबा खाणारा एक सोबती आता दुसऱ्या बाकावर बसतो. पहिल्या दिवशी उठून जाताना म्हणाला, दोन मिनिटांचं तर वाचन होतं.

मी मुख्य कार्यालयाला तक्रार लिहितो आहे. इंग्रजीत. मुलीलाही तपासायला देणार नाही. त्यातून काही होणार नाही, हे मला ठाऊक आहे. कागद फिरून त्याच मॅनेजरच्या टेबलावर येईल आणि तो आधी क्रियापदं बघेल. बघू दे. तारखा, एकतीस चुका आणि खाली माझी सही. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी तक्रार. मग तिसरी. नोकरीची नऊ वर्षं उरलीत.