केरबाअण्णाचा चुकलेला दिवस

कोल्हापुरात प्रत्येकाचा आजोबा पैलवान होता. आमच्या घरात तर पुरावाच आहे. ह्यांच्या आजोबांचा खांद्यावर गदा घेतलेला फोटो सोप्यात टांगलाय, आणि घरी पावणा आला की त्याला चहाच्या आधी तो फोटो बघावा लागतो. नातवाच्यानं मात्र डिसेंबरातल्या पहाटे अंगावरची वाकळसुद्धा उचलवत नाही. हा नातू म्हणजे माझा नवरा, जयसिंग.

हे एकटेच तसे आहेत असं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला जुनी तालीम आहे. तिच्यातला तांबड्या मातीचा हौदा कधीच बुजवला, वर फरशी घातली, आरसे लावले, यंत्रं आणली आणि तिची जिम झाली. दसऱ्याला गल्लीतले बाप्ये तिथं नाव घालतात, वर्षाची फी एकदम भरतात, नवे बूट आणतात. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत जातात. मग थंडी पडते, रंकाळ्याकडनं धुकं यायला लागतं आणि बूट पलंगाखाली जातात. नाव मोठं, लक्षण खोटं. आमच्या ह्यांना तर डॉक्टरांनी साखर सांगितली होती, तरी तीच गत.

असल्या माणसांना ऐन हिवाळ्यात रोज पहाटे जिमला नेऊन दाखवलं ते केरबाअण्णानं. केरबा पोवार. आमच्या समोरच्या घरात राहतो. शिरोलीच्या एका फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम करायचा, तेही कंत्राटी. अंगानं दणकट आणि बोलायला कमी. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याला अर्धांगवायूचा हलका झटका आला. माणूस वाचला, हिंडायला-फिरायला लागला, पण डावा हात धड वर होईना. डॉक्टर म्हणाले, हाताला रोज व्यायाम द्या, थंडीत तर एक दिवस खाडा करू नका, नाहीतर आखडून बसेल. फाउंड्रीचा मुकादम म्हणाला, शिवरात्र झाल्यावर ये, साच्याची पेटी दोन्ही हातांनी उचलून दाखव. उचललीस तर काम तुझं. म्हणजे सगळा संसार त्या डाव्या हातावर येऊन बसला.

आणि तरीसुद्धा त्याला उठवत नव्हतं. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, नळावर पाणी भरताना. थंडीचे पहिले काही दिवस तो नुसताच जागा होऊन पडून राहिला होता. त्याची बायको यल्लव्वा ओरडून दमली.

"वैनी, एकट्यासाठी उठाय हुईत न्हाई," तो म्हणाला. "पर दुसऱ्याला उठवतो म्हणून शबूद दिला की झोपच लागत न्हाई बघा."

म्हणून त्यानं गल्ली गोळा केली. दारोदार जाऊन सांगितलं, उद्यापासनं मी उठवायला येणार. जिमचा मालक लांब उजळाईवाडीला राहायचा. त्यालाही थंडीत यायचं जिवावर आलेलं, त्यानं खुशीनं किल्ली केरबाअण्णाच्या हवाली केली. आता उठवायचंही त्यानं आणि उघडायचंही त्यानंच.

फोन करून उठवणं त्याला मान्य नव्हतं, कारण फोनचा गळा दाबता येतो. तो खिडकीशी यायचा आणि जिमची ती भली मोठी किल्ली गजावर वाजवायचा. आमचे हे आतनं पुटपुटत शिव्या घालायचे, कूस बदलायचे, मलाच सांगायचे की घरात नाहीत म्हण. पहाटे अंथरुणातला माणूस घरात नाही असं कसं सांगायचं ते ह्यांनाच माहीत. केरबाअण्णा हलायचा नाही. धुक्यात उभा राहून एवढंच म्हणायचा, "जयसिंग, तू न्हाई उठलास तर मी बी माघारी जातोय." त्याला माघारी पाठवणं म्हणजे त्याचा हात घालवणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिव्या घालत का होईना, हे उठायचे.

एक नियमही त्यानंच घातला. जो चुकेल त्यानं बाकीच्यांना कट्ट्यावर दूध पाजायचं. आमच्याकडे पहाटे म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. व्यायाम करून आलेला माणूस ते उभ्या उभ्या पितो आणि मिशी पुसून घरी जातो, ही इथली जुनी रीत. कट्ट्यावरच्या ज्ञानू गवळ्याला हा नियम पाठ झाला होता. आज कोण चुकलं, एवढंच तो विचारायचा. केरबाअण्णाला स्वतःला कधी पाजायची वेळ आली नाही.

गुण आला, हे कबूल करायला पाहिजे. ह्यांची साखर उतरली. कोपऱ्यावरचा राजवीर, ज्याची मोबाइलची शॉपी आहे, त्याचं पोट आत गेलं आणि तो स्वेटर न घालता हिंडायला लागला. सगळेच छाती काढून चालायला लागले, जणू आपण होऊनच उठत होते. आणि केरबाअण्णाचा हात? संक्रांतीच्या दिवशी नळावर त्यानं भरलेली कळशी डाव्या हातानं उचलली आणि खांद्यावर ठेवली. "बघा वैनी," म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यल्लव्वानं त्याची दृष्ट काढली. मग ती निश्चिंत मनानं निपाणीला गेली, लेकीच्या बाळंतपणाला.

ती गेली आणि त्याच आठवड्यात थंडीनं कहर केला. त्या पहाटे किल्ली वाजली नाही. गंमत बघा, एवढ्या दिवसांच्या सवयीनं आमचे हे आपोआप जागे होऊन वाट बघत होते. शेवटी राजवीरचा फोन आला. सगळे तालमीपाशी जमले होते आणि दाराला कुलूप होतं. हे कानटोपी घालून निघाले, तेव्हा मी म्हटलं की यल्लव्वा घरात नाही, अण्णाच्या दारावर एकदा थाप मारून बघा. हे म्हणाले, थंडी कुणाला सोडतीय व्हय, झोपू दे की त्याला एक दिवस.

पुढचं मला राजवीरच्या बायकोकडनं, स्वप्नालीकडनं कळलं. तिच्यापाशी तो हे सगळं हसत सांगत होता, तेव्हा त्याला पुढचं माहीत नव्हतं. तालमीपासनं कट्ट्याकडं जाताना केरबाअण्णाच्या घरावरनंच जावं लागतं. त्याच्या न्हाणीत दिवा जळत होता. तो सगळ्यांनी बघितला. राजवीर म्हणाला, "उठलाय गडी, पर थंडीला भ्यालाय. आता लाजून बसलाय आत." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं की हाक मारूया, तर दुसऱ्यानं त्याचा हात धरला. कारण सरळ होतं. हाक मारली असती तर किल्ली मिळाली असती, आणि किल्ली मिळाली असती तर व्यायाम करावा लागला असता. कुलपानं त्यांना सुट्टी दिली होती, ती कोण घालवणार? ते तसेच कट्ट्यावर गेले. आज केरबा चुकला, त्याच्या नावावर, असं ज्ञानूला सांगून एकेक ग्लास प्यायले, आणि कुणी कुणी दुसराही घेतला.

केरबाअण्णा त्या दिव्याखाली पडला होता. अंगात स्वेटर होता, गळ्याला मफलर होता, हातात किल्ली होती. तो भ्यालाही नव्हता आणि लाजलाही नव्हता. आम्हाला उठवायला निघाला होता.

पोरं शाळेला गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्याच्या बंबाचा धूर निघालेला नाही. मी जाऊन दार वाजवलं, मागनं फिरून न्हाणीच्या खिडकीतनं बघितलं, आणि बोंब मारली. दार फोडलं, रिक्षात घातला. ह्या वेळी उजवी बाजू गेली होती आणि तोंडातनं शब्द फुटत नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी पडले? कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, पहाटेच आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं, आता त्याची वेळ गेली. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे दवाखान्याची भिंत बघत होते.

त्यानंतर काय करावं ह्या मंडळींनी? फलक लावला. कोल्हापुरात माणूस जन्मला, वारला किंवा नगरसेवक झाला की फलक लागतो, तसा आमच्या गल्लीच्या तोंडाला लागला. 'लवकर बरे व्हा, केरबाअण्णा! आपण आमची प्रेरणा आहात!' मधोमध केरबाअण्णाचा रेशनकार्डावरचा फोटो, आणि भोवतीनं गॉगल घातलेले हे सगळे, त्याच्यापेक्षा मोठ्या आकाराचे. बघायला सगळे मिळून एकदा गेले. तेव्हा राजवीरनं खाटेवरच्या माणसाला हसवायला म्हणून म्हटलं, "अण्णा, एक दिवस चुकलाय तुमचा. दूध पाजायचं राहिलंय बरं का." केरबाअण्णा हसला नाही. त्याच्याकडं टक लावून बघत राहिला. मी तिथंच होते.

शिवरात्र आली, थंडी शिव शिव म्हणत निघून गेली. मुकादमानं दुसरा माणूस घेतला. जो डावा हात एवढ्या कष्टानं वर आणला, तो आता खालीवर होतो, पण त्यात काठी धरावी लागते. जिमची किल्ली मालकाकडं परत गेली आणि बूट पलंगाखाली. ह्यांची साखर पुन्हा चढली. उठवायला माणूस नाही, आम्ही काय करणार, असं हे मलाच तोंड वर करून सांगतात. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते खोटं नाही. इथं तर गरजही सरली नव्हती.

आता हा हिवाळा. मार्गशीर्षातल्या एका पहाटे आमच्या खिडकीच्या गजावर ठकठक झाली. मी धडपडून उठले. दार उघडलं तर धुक्यात केरबाअण्णा, डाव्या हातात काठी, मागं त्याला सावरायला यल्लव्वा. त्याचं तोंड वाकडं झालंय, शब्द निम्मे पडतात. "ज... सिंग. ऊठ," तो म्हणाला.

मी यल्लव्वाकडं बघितलं. ती रडवेली झाली होती.

"काय सांगू वैनी," ती म्हणाली. "त्येंचा एक दिवस चुकलाय म्हणत्यात. सगळ्यास्नी दूध पाजायचं हाय म्हणत्यात. आठवडाभर मागं लागल्यात. न्हाई म्हटलं की जेवत न्हाईत."

वाकळीतनं ह्यांना शब्द ऐकू गेले असावेत, कारण हे उठले. पुढं होऊन बाकीच्यांनाही ह्यांनीच फोन केले. कानटोप्या घालून सगळे आले. कुणी चुकारपणा केला नाही. मी शाल घेऊन यल्लव्वाबरोबर निघाले.

कट्ट्यावर ज्ञानू केरबाअण्णाला बघून उठून उभा राहिला. त्यानं सांगितलं की त्या दिवसाचं दूध मी कुणाच्याच नावावर लावलं नाही, आणि लावणारही नाही, तुम्ही घरला जावा अण्णा. केरबाअण्णानं काठी दगडावर आपटली. परत आपटली. मग यल्लव्वाला खुणावलं, तिनं कनवटीचे पैसे काढले आणि ज्ञानूनं मान खाली घालून धार काढायला घेतली.

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. एवढे बाप्ये उभे आहेत, एकाच्या तरी तोंडातनं निघेल की अण्णा, त्या दिवशी तू चुकला नव्हतास, आम्ही चुकलो. दूध आम्ही पाजायचं. मी ह्यांच्याकडं बघत होते. मला दुसरं काही नको होतं, एवढं एक वाक्य पाहिजे होतं. ह्यांनी ग्लास घेतला. राजवीरनं घेतला. सगळ्यांनी घेतला, आणि ते प्यायले.

केरबाअण्णा एकेकाकडं बघत होता. शेवटचा ग्लास रिकामा झाला तेव्हा त्यानं मोठा श्वास सोडला. मग त्यानं काठीनं तालमीकडं दाखवलं. "उद्या," तो म्हणाला, अगदी स्पष्ट. सगळ्यांनी माना हलवल्या.

घरी आल्यावर हे म्हणाले, लई दिलदार माणूस. मिशीला फेस तसाच होता. मी म्हटलं, ते दूध तुमचं नव्हतं, तुम्ही पाजायचं होतं. हे म्हणाले, आता त्येला काय सांगत बसायचं, मनाला लागलं असतं त्याच्या. आणि वाकळ डोक्यावरनं घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीच्या गजावर काठी वाजली. मग राजवीरच्या खिडकीवर वाजली, मग त्याच्या पलीकडच्या. त्या दिवशी दूध नव्हतं. गल्लीत दिवा फक्त आमच्या घरात लागला, तो मी लावला.