करडा पट्टा

फ्रेमदादा बोलायला लागला की गिऱ्हाइकाने आधी बूड टेकायला स्टूल शोधावं, असा त्याचा लौकिक होता. फोटो कुणाचा, भिंतीचा रंग काय, सोनेरी पट्टी कशाला, काळीच घ्या, सगळी चौकशी झाल्याशिवाय तो मापाला हात लावायचा नाही. भाजीवाली असो की पोस्टमन, त्याला सगळे सारखे. बोलायचा नाही तो एकाच माणसाशी, आणि तो माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर, प्लायवूडच्या फळीपलीकडे बसायचा. त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

पूर्वी दुकान एकच होतं. दादा चौकट करायचा, धाकटा काच कापायचा, आणि दोघांच्या हातची फ्रेम हलवून बघितली तरी आत कागद सरकायचा नाही. मग वडील गेले. त्यांचा फोटो करायला घेतला आणि बसवताना काच कोपऱ्यात तडकली. दादा म्हणाला, काच तिरकी कापलीस. धाकटा म्हणाला, तुझी चौकटच वाकडी. बाप गेल्याचं दुःख कुठून तरी बाहेर पडायचं होतं, ते काचेवरून पडलं, दुसरं काय. शब्दाने शब्द वाढला, भर दुकानात नको ते बोलून झालं, आणि मध्ये फळी उभी राहिली. तेव्हापासून दोघेही दोन्ही कामं करायचे. दादाच्या काचांच्या कडा फुटक्या, धाकट्याच्या चौकटींना कोपऱ्यात फट. लोक सांगून दमले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते यांच्याकडे बघूनच म्हटलं असावं.

निरोप मात्र असायचेच. पाण्याची मोटर, विजेचं बिल, कुणा नातेवाइकाचं आजारपण. ते सगळे समोरच्या झेरॉक्सवालीमार्फत जायचे. दादा रस्ता ओलांडून तिच्या काउंटरला टेकायचा आणि म्हणायचा, "त्याला सांगा." थोड्या वेळाने धाकटा जायचा आणि म्हणायचा, "त्याला विचारा." ती म्हणायची, "अहो, मी झेरॉक्स काढते, टपाल नाही वाटत." पण पोचवायची. भली बाई. इतकी भली नसती तर कदाचित बरं झालं असतं.

फळी ठोकताना फरशी खालीवर होती म्हणून मागच्या कोपऱ्यात एक फट राहून गेली होती. त्या फटीतून एक पिवळट कुत्रा ये-जा करायला लागला. दादाकडे तो गुंड्या आणि पलीकडे साहेब. सकाळी दादाकडे दूध प्यायचं, दुपारी पलीकडच्या डब्यातला घास खायचा, रात्री दादाच्या माळ्याच्या जिन्याखाली झोपायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, हा फुगला होता. पुढे पुढे झेरॉक्सवालीचं कामही निम्मं झालं. दादा मोठ्याने म्हणायचा, "गुंड्या, मोटर चालू राहिलीये, पाणी चाललंय वाया." पलीकडे बटण बंद व्हायचं आणि आवाज यायचा, "साहेब, आम्हाला काय ऐकू येत नाही होय?" दादा तोंडावर हात धरून हसायचा. कुत्र्याशी बोलायला कसला आलाय कमीपणा.

एका उन्हाळ्यात गुंड्या खाजवायला लागला. पाय झाडून झाडून फरशीवर आपटायचा, शेपटीच्या बुडाशी चावून केस गेले. एका गिऱ्हाईक बाईंच्या घोट्याला लाल गांधी उठल्या तेव्हा दादा त्याला घेऊन मागच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. पिसवा झाल्या होत्या. बाईंनी एक करडा, औषधी पट्टा दिला आणि नीट समजावलं. गळ्यात घातला की पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, घट्ट नको आणि लोंबताही नको. उरलेलं टोक कापायचं, नाहीतर चावत बसतो. कातडी लाल होते का ते केस बाजूला करून रोज बघायचं. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, नाहीतर पिसवा परत चढतात. आणि पट्टा असताना दुसरं औषध नाही. पावडर नाही, फवारा नाही, तेल नाही, काहीच नाही.

"हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा," बाई म्हणाल्या.

"घरात मी एकटाच," दादा म्हणाला.

खोटं नव्हतं ते. बायको जाऊन वर्षं झाली होती. त्याने सगळं अगदी मापात केलं. दोन बोटं घालून पाहिली, टोक कापलं, जिन्याखालचं पोतं उकळत्या पाण्यातून काढलं. मापाच्या कामात त्याला कुणी नाव ठेवायची सोय नव्हती. फक्त फळीकडे तोंड करून "गुंड्या, आता औषध लागलंय हं तुला" एवढं म्हणायला तो विसरला. विसरला म्हणजे काय, मनात आलं होतं. पण त्या दिवशी मोटरीवरूनच काहीतरी बिनसलं होतं, आणि आपण का म्हणून आधी बोलायचं, म्हणून राहिला गप्प.

पलीकडे धाकट्याने पट्टा बघितला. त्याला वाटलं, बघा, दादाने कुत्रा नावावर करून घेतला. पट्टा बांधला की झाला त्याचा. त्यालाही राग आला, आणि त्याचा राग गुपचूप असतो. साहेब तर अजून खाजवतच होते. मग त्याने स्वतः दुकानातून पिसवांवरची बाटली आणली आणि मानेपासून पाठीपर्यंत औषध चोळलं, बाटलीवर लिहिलं होतं तेवढंच, एक थेंब जास्त नाही. दोघांनीही आपापल्या जागी नीटच केलं.

दुपारी गुंड्या फटीतून अर्धाच अलीकडे आला आणि तिथेच बसला. तोंडातून लाळ, मागचे पाय थरथरत होते. दादाने त्याला उचललं आणि तसाच पळाला. बाईंनी आधी पट्टा कापून टाकला, मान हुंगली आणि विचारलं, "याला अजून काय लावलंय?"

"काही नाही. शपथेवर सांगतो."

"तेलकट लागतंय हाताला. दोन विषं एकावर एक चढलीत. मी धुऊन काढते, पण दुसरं कुठलं ते कळल्याशिवाय नेमका उतारा देता येणार नाही. पळा, विचारून या. बाटलीच घेऊन या."

दादाला कळलं कुणी लावलं ते. तो पळत दुकानाशी आला. धाकटा आत पाठमोरा होता, काचेवर हिरकणी फिरवल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दोन पावलं टाकायची आणि विचारायचं, साहेबाला काय लावलंस. एवढंच. आणि दादाचे पाय वळले समोर, झेरॉक्सच्या दुकानाकडे.

दुकान बंद होतं. दारावर पाटी होती, जेवायला गेले आहे.

तो पायरीवर बसला. आत्ता येईल, असं म्हणाला स्वतःशी. सांगायचं वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं, "त्याला विचारा, कुत्र्याला काय लावलं." समोर भाऊ काच कापत होता, मधून रिक्षा जात होत्या. दादा उठला, रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. काय अडलं होतं ते त्यालाही सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याच्यापुढे पहिलाच शब्द मदतीचा काढायचा, हे जमेना. मेला तो अभिमान. मेला असता तर.

झेरॉक्सवाली ओले हात पदराला पुसत आली. तिने ऐकलं. "आणि तुम्ही इथे बसून राहिलात?" ती म्हणाली, आणि किल्ली तशीच हातात धरून रस्ता ओलांडून गेली. धाकटा बाटली घेऊन चपला न घालताच बाहेर आला.

बाईंनी उतारा दिला. गुंड्याने एकदा डोळे उघडले, दोघांना शेजारी शेजारी उभं बघितलं, शेपटी हलवायचा प्रयत्न केला. संध्याकाळी तो गेला. "थोडं आधी कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या, रागाने नाही, सांगायचं म्हणून.

परत येताना धाकटा रडत होता. "मी मारला त्याला," तो म्हणाला. मग थांबून त्याने विचारलं, "दादा, तू तसाच आलास ना रे पळत? कळल्या कळल्या?"

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून दादा ऐकलं होतं.

"हो," दादा म्हणाला.

फळी आता नाही. धाकट्यानेच काढली. दादा चौकट करतो, धाकटा काच कापतो, आणि फ्रेम हलवली तरी आत कागद सरकत नाही. वडिलांचा फोटोही झाला एकदाचा. लोक म्हणतात, कुत्रा गेला पण भाऊ जोडून गेला. दादा मान हलवतो. गिऱ्हाइकांना स्टूल लागत नाही आताशा, तो माप घेतो आणि पावती देतो.

एकदा त्याने झेरॉक्सवालीच्या काउंटरला टेकून विषय काढला. "त्याला तुम्ही सांगितलं नाहीत ना, मी पायरीवर..."

"नाही."

"सांगा एकदा. मला नाही जमत."

"तुमचं तुम्ही सांगा," ती कागद सारखे करत म्हणाली. "माझं निरोप नेणं बंद झालं आता."

कुणी कुत्रा घेऊन दुकानात आलं की धाकटा काम बाजूला ठेवतो. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघतो, दुसरं औषध लावलं नाही ना, घरात सगळ्यांना सांगितलंय ना, विचारतो. मग सगळी गोष्ट सांगतो. परवाही एका बाईंना सांगत होता. "चूक माझी हो. मी न विचारता लावलं. दादाने काही बाकी ठेवलं नाही. कळलं तसा पळत आला, लगेच निरोप धाडला, क्षणभर कुठे थांबला नाही. हो ना रे दादा?"

दादा चौकटीचा कोपरा घासत होता. वर न बघता तो म्हणाला, "हो."