कोऱ्या तुकड्याला रंग कसा चढला

रुग्णालयाच्या तळघरात, किरणोपचार विभागात, तिला सगळे फिल्मताई म्हणायचे. गॅमा किरणं पडली की फिकट पिवळी फिल्म गडद होते; किती गडद म्हणजे किती डोस, हे ठरवायचं काम तिचं. फिल्मचे तुकडे कापून प्रत्येकाला ठरलेला, चढता डोस द्यायचा, रंग मुरू द्यायचा, मग स्कॅनरवर मोजून आलेख काढायचा. रोग्याला नेमका तेवढाच डोस मिळतोय ना, हे पुढे त्या आलेखावरून तपासत. एक तुकडा तुलनेसाठी मुद्दाम कोरा ठेवायचा.

एका शनिवारी तिने तुकड्यांना डोस दिला. रविवारी विभागात डागडुजी होती, म्हणून कोऱ्यासकट सगळे तुकडे काळ्या पाकिटात भरून, पर्समध्ये घालून घरी नेले. सोमवारी मोजायला बसली, तर कोऱ्या तुकड्यानेच रंग उधळलेले!

ती तडक मशीन चालवणाऱ्या मिशाळकडे गेली. "डोस देताना मशीनच्या खोलीचं दार उघडं टाकलं होतंस का? कोरा तुकडा गडद झालाय!"

"ताई, तेव्हा तो तर तुमच्याच खणात होता!"

सुरक्षा अधिकारी मीटर घेऊन कोपरान् कोपरा हुंगत फिरले. मीटर ढिम्म. मिशाळ दिवसभर गाल फुगवून बसला.

संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली. सासूबाईंनी विचारलं, "अगं, तुझे ते पिवळे तुकडे नीट वाळले होते ना?"

"वाळले?"

"काल पर्समध्ये तुझी पाण्याची बाटली गळली होती. मी एकेक पुसून गॅलरीत उन्हात घातला आणि वाळल्यावर परत पाकिटात ठेवला."

तिने कपाळावर हात मारला आणि मग हसत सुटली. "आई, ही फिल्म उन्हानेसुद्धा रंगते हो! पाकिटावर लिहिलंय तसं."

"चष्मा होता का माझ्या नाकावर?"

दुसऱ्या दिवशी तिने मिशाळची माफी मागितली. त्याला ऐकूच आलं नाही म्हणे. तिला सगळ्यांसमोर पुन्हा, मोठ्याने मागावी लागली. मग दोघांनी नवे तुकडे घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला कोरा तुकडा कोराच राहिला आणि आलेख विनातक्रार वर चढला.

कापून उरलेली एक पट्टी तिने सासूबाईंसाठी घरी आणली. त्यांनी ती उन्हात ठेवली, वर स्वतःची बांगडी ठेवली आणि खुर्ची ओढून पहारा देत बसल्या. दुपारी बांगडी उचलली, तर खाली फिकट गोल उमटलेला.

"बाई गं!" म्हणत त्या पट्टी घेऊन थेट शेजारणीकडे गेल्या.