खानसामाचाचांचे तीन सूट

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून सागाची जेवढी झाडं उभी आहेत, तेवढ्या वेळा तरी आमच्या खानसामाचाचांनी कुणाला ना कुणाला "फोडणी जळली" असं सुनावलेलं आहे. माझं प्रामाणिक मत असं, की त्यातल्या निम्म्या वेळा फोडणी अजून पडायचीच होती. पण चाचांना थांबवत नाही. वनखात्याच्या विश्रामगृहात तीस वर्षं खानसामा म्हणून काढलेला हा माणूस. माझे वडील त्याच वनपरिक्षेत्राच्या, म्हणजे रेंजच्या, कचेरीत कारकून होते, त्यामुळे चाचांच्या हातचं आमलेट आणि चाचांची बोलणी या दोन्ही गोष्टी मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून खात आलोय. आज मी शाळामास्तर आहे, माझे केस पिकलेत, तरी मी चहा गाळू लागलो की मागून आवाज येतो, "मास्तर, चाय गाळून राह्यला का जखम धून राह्यला?"

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करेल? खानावळ काढेल. सगळ्यांना तसंच वाटलं होतं. पण तीस वर्षांच्या धुरानं छाती भरली होती, डॉक्टरांनी चूल बंद केली, आणि चाचीनं त्यावर शपथेचं कुलूप घातलं: "चुलीजवळ गेलात तं माहं मेलेलं तोंड पाहसान!" चाचा आठ दिवस अन्नावर रुसले. नवव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. गडचिरोली-धानोरा रस्त्याला आत चाचीच्या माहेरचं शेत होतं, मागं जंगल. तिथं त्यांनी मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपरांची तीन छोटी घरं बांधली आणि जाहीर केलं की पाहुण्यांनी आपला शिधा घेऊन यावं, आपल्या हातानं रांधावं, स्वस्तात राहावं. जग त्यांना कॉटेज म्हणतं. चाचा विश्रामगृहाच्या सवयीनं 'सूट नंबर एक, दोन, तीन' म्हणतात. इंटरनेटवरची जाहिरात अर्थातच माझ्या गळ्यात पडली. मी लिहिलं, 'निसर्गाच्या कुशीत, परवडणाऱ्या दरात, हवं ते रांधा, हवं तसं राहा.' चाचांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "हवं तसं काऊन? खाली लिहा, मूर्खावानी रांधू नये." मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, निदान लोकांना सूचना तरी मिळाली असती.

चाची हुशार. तिनं प्रत्येक सूटच्या उघड्या स्वयंपाक-पडवीपुढं चुन्याची रेघ मारून ठेवली. रेघेच्या आत चाचांनी पाऊल टाकायचं नाही. चाचांनीही कधी टाकलं नाही, शब्दाचा पक्का माणूस. ते फक्त रेघेवर चपलांची टोकं टेकवून उभे राहतात. सकाळी उभे राहतात, दुपारी उभे राहतात, संध्याकाळी उभे राहतात. पाहुणे उतरले की पहिला कार्यक्रम शिधा तपासण्याचा, कारण विश्रामगृहात साहेबाचा शिधा खानसामाच उघडायचा. इथं सुटीवर आलेल्या पुण्याच्या एका बाईच्या पिशव्या यांनी उघडायला घेतल्या! तिनं ओट्सचा डबा काढला. चाचांनी डबा नाकाशी नेला आणि अत्यंत हळव्या आवाजात विचारलं, "बिमार कोण आहे, बाई?" बाई म्हणाली, आम्ही सगळे हेच खातो. चाचांचे डोळे पाणावले. "सगळेच?" त्यांनी विचारलं. मग त्या कुटुंबाला बरं वाटावं म्हणून त्यांनी चाचीकडून लाखोरीच्या डाळीचे वडे पाठवले, आणि पाहुण्यांनी ते तेलकट आहेत म्हणून कावळ्यांना घातले. त्या दिवसापासून पुण्याची गाडी फाटकात आली की चाचा आधी कावळ्यांना हाकलून ठेवतात.

तसे पाहुणेही काही कमी नमुने नसतात. शहरात जे लायटरनं गॅस पेटवतानाही दोनदा दचकतात, त्यांना इथं येऊन चुलीचा 'अनुभव' हवा असतो. नागपूरहून एक इंजिनिअर जोडपं आलं. दोघं नवराबायको ओल्या लाकडाच्या धुरात डोळे पुसत, एकमेकांचे फोटो काढत, मटण शिजवायला बसले. चाचा रेघेवर. "लाकूड उभं नका लावू, आडवं लावा. आडवं म्हंजे असं नाई. फुंकणी चुलीकडं धरा, आपल्या बायकोकडं काऊन धरून राह्यले?" तीन तास हे चाललं. शेवटी तो इंजिनिअर रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, मग तुम्हीच करा ना!" चाचा ताठ झाले. "मी नाई करू शकत. शपथ आहे." संध्याकाळी जोडपं निघून गेलं. मटण चाचांच्या कुत्र्यानं खाल्लं, आणि चाचांच्या मते त्यानंही दोनदा विचार करून खाल्लं. त्या इंजिनिअरनं घरी जाऊन इंटरनेटवर लिहिलं, 'जागा सुंदर आहे. मालक स्वयंपाकघरात येत नाहीत, पण स्वयंपाकघरापासून जातही नाहीत. तीन स्टार.' मी ते चाचांना वाचून दाखवलं. ते खूश! "तीन स्टार म्हंजे आरएफओ झाला ना बाप्पा! गार्डाच्या खांद्यावर तं एकबी नसते." वनखात्यात खांद्यावर तीन स्टार लावणाऱ्या रेंजच्या साहेबासाठी ज्यानं जन्मभर कोंबडी सोलली, त्याला हे कमी आहेत म्हणून कसं पटवायचं? मी नाद सोडला.

पण चाचांच्या मुलानं नाद सोडला नाही. हा मुलगा नागपुरात फ्रीज-एसी दुरुस्त करतो, मनानं चांगला आहे, फक्त बापाच्या बाबतीत तडकतो. त्यानं सगळे अभिप्राय वाचले आणि फोन केला. "अब्बू, लोकं पळून राह्यले. कशाले हे लफडं? आता आणखी एक तक्रार आली तं तिन्ही घराले कुलूप, अन् तुमी दोघं नागपूरले." चाचा माझ्याकडं आले. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, एकदा पिसाळलेल्या रानडुकराशी गाठ पडली होती तेव्हासुद्धा नाही. "तिसऱ्या माळ्यावर घर आहे, मास्तर. सून चांगली आहे, पण मले चाय बी ठेवू देत नाई. मी तिथी करू काय? दिवसभर बाल्कनीतून खालच्या मोटारी पाहू? इथी निदान दुसऱ्याच्या डाळीचा वास तं येते." हे ते हसत म्हणाले नाहीत. त्यांचं जगणं त्या तीन पडव्यांच्या वासावर चाललेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मी त्यांना शिस्त लावायला घेतली. पाहुणे रांधत असताना शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं, तोंडानं अक्षर काढायचं नाही. चाचांनी माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. चाचीनं घातलेली शपथ ते पाळतात, माझ्या गळ्याची किंमत मला आठ दिवसांनी समजली. नवव्या दिवशी भिशीच्या बायकांचा घोळका आला. चाचा शेताच्या टोकाला, तोंडात गमछ्याचा बोळा. एका बाईनं वांग्याच्या भाजीत साखर घातली. वारा नेमका चाचांच्या दिशेला. ते उठले, अख्खं शेत ओलांडून आले, बोळा काढला आणि त्या बाईला म्हणाले, "बाई, तुमच्या नवऱ्याची मले लय कीव येते." एवढंच बोलून ते परत गेले आणि बोळा जागच्या जागी ठेवला. तक्रार त्याच संध्याकाळी इंटरनेटवर चढली, खाली बाकीच्या अकरा जणींच्या सह्यांसकट. मुलाचा फोन आला, "रविवारी पिकअप घेऊन येतो. पेट्या भरून ठेवा."

चाचीनं पेट्या भरायला घेतल्या. शुक्रवारी मात्र एक पाहुणे आधीपासून ठरलेले होते, त्यांना नाही म्हणता येईना. गाडीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले, आणि चाचांचा हात आपोआप कपाळाकडं गेला. ते त्यांचे जुने साहेब होते! आधी त्याच रेंजला होते, मग मोठे होत गेले आणि दौऱ्यावर येत राहिले. आमलेट चार वेळा परत पाठवणारे, भाताचा दाणा दाण्याला चिकटला तर ताट सरकवणारे. साहेबांनी ओळखलं आणि ओशाळले. बायको जाऊन वर्ष झालं होतं. मुलं परदेशात. "मला चहाही येत नाही रे, खानसामा," ते म्हणाले. "घरी शेजारीपाजारी बघतात. म्हटलं, कुठंतरी कोपऱ्यात जाऊन शिकावं. तू इथं असशील हे ठाऊक असतं तर आलो नसतो."

आणि नवल म्हणजे, जगातल्या प्रत्येकाला टोकणारे आमचे चाचा या एका माणसापुढं गप्प! साहेबानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही तीस वर्षांची सवय जिभेलाच बसलेली. साहेबांनी भात करपवला, चाचा गप्प. साहेबांनी मोहरीऐवजी मेथ्या तडतडवल्या, चाचा गप्प. शनिवारी चाचीनं मला फोन केला, "मास्तर, यायले ताप तं नाई ना आला? दोन दिवस झाले, कोणाच्या भाजीले नाव ठेवलं नाई."

रविवारी मुलगा मला गडचिरोलीहून पिकअपमध्ये घालूनच निघाला. जाहिरात माझी, तेव्हा गुन्ह्यात मीही होतो. वाटेत तो तणतणत होता. "तुमाले नाई समजणार, मास्तर. लहानपणी मी त्या सैपाकघराच्या दारातून पाहो. साहेब लोकं जेवत, अन् अब्बू खुर्चीच्या मागं हात बांधून उभे. सगळे उठत थोवर उभे. मंग उरलंसुरलं घेऊन घरी येत. आता या वयात पुन्हा दुसऱ्याच्या सैपाकापुढं उभे राह्यतेत. मले नाई पाह्यवत." इतकी वर्षं मी त्या उभं राहण्याचे विनोद सांगत फिरत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मुलगा तरातरा फाटकातून आत गेला आणि मध्येच थांबला. ओसरीवर खुर्चीत चाचा बसले होते. अगदी कडेला, पळायच्या तयारीत, पण बसले होते. पुढ्यात ताट. साहेब खांद्यावर टॉवेल टाकून, घामाघूम, डाव धरून उभे होते. "आणखी घे. लाजू नकोस. तू जेवल्याशिवाय मी बसणार नाही. मीठ बरोबर आहे का रे?" चाचांनी घास गिळला आणि म्हणाले, "एकदम बरोबर, साहेब." साहेबांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा फुलला. मग त्यांना आम्ही दिसलो. त्यांनी आम्हालाही बसवलं, वाढलं. मी सांगतो, असं अन्न मी आयुष्यात खाल्लं नाही. भात खाली करपलेला आणि वर कच्चा. डाळीचे दाणे दाताखाली कडकड वाजत होते. मीठ दोनदा पडलं होतं. चाचा शांतपणे जेवत होते. त्यांनी ताट पुसून घेतलं.

हात धुवायला म्हणून मुलगा बापाला विहिरीवर घेऊन गेला. "अब्बू, डाळ कच्ची होती."

"हाव."

"मीठ जहर होतं."

"हाव ना."

"मंग बोलले काऊन नाई? साऱ्या दुनियेले बोलता!"

चाचा गमछ्यानं हात पुसत राहिले. "बेटा, इतक्या वर्सात त्यायले मी किती जेवण वाढलं असन. एकदाबी म्हणले नाई, का खानसामा, तू जेवला का? आज म्हणले. अन् मी त्यायच्या डाळीले नाव ठेवू?"

मुलानं बादली उचलून विहिरीच्या काठावर ठेवली आणि तो घराकडं वळला. आत चाचीनं बांधून ठेवलेल्या पेट्या दारापाशी रांगेनं मांडल्या होत्या. त्यानं त्यातली एकही उचलली नाही. निघताना पिकअपमध्ये बसून, इंजिन सुरू करून, तो बापाला एवढंच म्हणाला, "पावसाच्या पहिले कवेलू फेरून घ्या. दोन नंबरचं छप्पर गळन."

"माणसं पाठवतं का?" चाचांनी विचारलं.

"मीच येतो," मुलगा म्हणाला.

पिकअप डांबरी रस्त्याला लागली. मग तो समोर बघतच म्हणाला, "मास्तर, मीबी अब्बूले कधी ताट वाढून देल्लं नाई." मी हूं म्हटलं. अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून त्या माणसाच्या हातचं खात आलो, आणि इतक्या वर्षांत त्याला माझ्या घरी जेवायला या, असं मी एकदाही म्हटलेलं नव्हतं.