दोरीचं दुसरं टोक

सगळे त्याला पेंटर म्हणत, घरातलेसुद्धा. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचं काम आधी वडिलांचं, मग त्याचं. अक्षरं काढण्याआधी पत्र्यावर खडू फासलेली दोरी ताणायची, मधे चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. फट्‌कन सरळ रेघ उमटते. लहानपणी दोरीचं एक टोक पेंटर धरायचा, दुसरं दादा, आणि दोरी सोडायचा मान वडिलांचा. दादाची नजर पक्की. ‘‘उजवीकडं उतरतंय,’’ तो म्हणायचा, आणि खरंच उतरलेलं असायचं. खडूने माखलेल्या दोघांना आई दारातच अडवायची.

पुढे दादा कचेरीत चिकटला. वडिलांनी हयातीतच रीतसर वाटणी नोंदवली: राहतं घर दादाला, बाजूची रस्त्यालगतची मोकळी जागा पेंटरला, वर्कशॉप बांधायला. दादाने मुकाट्याने सही केली. पण वडील गेल्यावर पेंटरने पाया खणायला घेतला आणि दादाच्या दाव्याची नोटीस आली. वाटणी म्हणे फसवून केली.

तो दावा फेटाळला गेला. मग कुठून तरी एक मृत्युपत्र निघालं, तेही टिकलं नाही. मग जाण्यायेण्याच्या वाटेचा दावा, मग वहिनीच्या नावाने, मग मुलाच्या नावाने. कुदळ पडली की मनाई हुकूम हजर. खणलेला पाया दर पावसात बुजायचा.

‘‘तुमचा दादा जिंकायला येतच नाही,’’ पेंटरचे वकील म्हणाले. ‘‘तो तारखा घ्यायला येतो.’’

पेंटरला धास्ती होती ती हाताची. वडिलांचा हात उतारवयात कापायला लागला होता. आपला हात शाबूत आहे तोवर आपल्या भिंतीवर आपली पाटी रंगवायची, एवढंच त्याला हवं होतं.

एके दिवशी दादाने त्या जागेवर पाटी ठोकली: ‘सावधान, ही जागा वादात आहे.’ कुणीतरी उरकून दिलेली. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. पेंटर रोज तिथून जायचा आणि रोज त्याचं डोकं फिरायचं. शेवटी त्याने दादाचं दार वाजवलं.

‘‘दावा लाव, पण हे असलं लावू नकोस. वडिलांची अब्रू जाते.’’

‘‘मग तू करून दे.’’

‘‘देतो. दोरी धर.’’

दादाने बाह्या सरसावल्या आणि दोरी धरली. त्या दुपारी दोघे कोर्टाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. वडील सुपारी तोंडात ठेवून शिव्या कशा द्यायचे, ते आठवून हसले मात्र. वहिनीने दोनदा चहा दिला. पाटी देखणी झाली.

पुढच्या दाव्यात त्याच पाटीचा फोटो लागला. जागा वादात असल्याचं प्रतिवादीने स्वतःच्या हाताने कबूल केलंय म्हणे.

पेंटरच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. ‘‘अहो, विरुद्ध पक्षाला पाटी रंगवून देणारा अशील मी आजवर पाहिला नव्हता!’’

‘‘आधीची फार वाईट होती हो,’’ पेंटर म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. ‘‘एकट्याने केलीत?’’

‘‘दोरी दादाने धरली होती.’’

कोर्टात हशा पिकला. दादा खाली मान घालून बसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधीचे सगळे निकाल मागवले. हुकूम झाला: तेच भांडण त्रास देण्यासाठी पुन्हापुन्हा आणलं जातंय. खर्च दादाने द्यावा, आणि यापुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय या जागेबद्दल त्याने किंवा त्याच्यातर्फे कुणीही दावा लावू नये.

वर्कशॉप उभं राहिलं. तोवर दुकानदार छापील फ्लेक्स लावायला लागले होते, आणि पेंटरचा हात कापायला लागला होता. तरी एका सकाळी तो दर्शनी भिंतीवर आपली पाटी रंगवायला शिडीवर चढला. दोरीचं एक टोक हातात, दुसरं उजवीकडच्या खिळ्याला बांधलेलं.

दादाच्या घराची खिडकी उघडली.

‘‘उजवीकडं उतरतंय,’’ दादा म्हणाला.

‘‘बोलायला परवानगी काढलीस का कोर्टाची?’’

खिडकी धाडकन बंद झाली.

पेंटरने हातातलं टोकही डावीकडे खिळा ठोकून बांधलं, तो शिडीवरून उतरला, रस्त्यापर्यंत मागे गेला आणि त्याने एक डोळा मिटून पाहिलं. उतरतच होतं. तो परत आला आणि त्याने उजवीकडचा खिळा उपटून थोडा वर ठोकला.