काचेच्या नळीतलं धुकं

गाडी दारात थांबायच्या आत तिचं दुखणं ओळखायचे, म्हणून सगळे त्यांना कानवाले काका म्हणत. जुन्या गाड्यांमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवायचं काम कार्ब्युरेटर करायचा, आणि कार्ब्युरेटर म्हणजे काकांचा जीव की प्राण. डोळे मिटून ऐकायचं, बारीक स्क्रू किंचित फिरवायचा, की खोकणारं इंजिन सुतासारखं सरळ यायचं.

मग कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्या आल्या. वायरींचं नुसतं जंजाळ, म्हणत काकांनी त्यांना हात लावला नाही. त्यातच कानांनी दगा दिला. आधी इंजिनातली टकटक हरवली, मग घरातल्यांचं बोलणं. काकांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि गॅरेज सुनेच्या हवाली केलं. सून हाडाची मेकॅनिक. मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा तिच्या नखांतलं काळं ऑइल पाहूनच काकांनी होकार दिला होता.

त्यानंतर ते घरी नुसते बसून असत. जेवणाचंही भान नसे.

एकदा सुनेने त्यांना जवळजवळ ओढतच गॅरेजात नेलं. एका टॅक्सीवाल्या बाईंची गाडी चढावर आचके देत होती. सुनेने इंजिनातून पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर काढून नव्या यंत्रावर बसवले होते. प्रत्येकाखाली एक काचेची नळी. तिने अंधार व्हावा म्हणून खिडकी लोटली आणि बटण दाबलं.

लुकलुकत्या उजेडात तीन नळ्यांमध्ये धुक्याचे शंकू अधांतरी थांबले. थेंब न् थेंब वेगळा दिसत होता. चौथीत मात्र ओघळ लागला होता.

काका पुढे वाकले. "हे थांबलंय कसं?"

"थांबलेलं नाही, बाबा," सून त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "फवाऱ्याच्या तालावर दिवा लुकलुकतोय, म्हणून तसं वाटतं. डोळा लवेपर्यंत कितीतरी वेळा उघडझाप होतेय."

किती पेट्रोल द्यायचं ते कोण ठरवतं, असं त्यांनी विचारलं. तिने समजावून सांगितलं. आत येणारी हवा एक सेन्सर मोजतो. गाडीतला छोटा कॉम्प्युटर हिशेब करून वीज सोडतो. विजेने इंजेक्टरमधल्या तारेच्या गुंडाळीचं चुंबक होतं, ते आतली सुई केसाच्या जाडीएवढी उचलतं, आणि दाबाखालचं पेट्रोल बारीक भोकांतून बाहेर उडतं. शिवाय धुराच्या नळीतला दुसरा सेन्सर पेट्रोल नीट जळलं का ते तपासून सांगतो, तसा पुढचा फवारा कमीजास्त होतो.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"मी गाडी उभी करून एकदाच जुळवायचो," ते हळूच म्हणाले. "हे तर धावता धावता, दर फवाऱ्याला जुळवतंय."

त्यांच्या चेहऱ्यावर हार नव्हती. डोळे लकाकत होते.

सुनेने चौथा इंजेक्टर साफ करून पुन्हा लावला. ओघळ मोडला, धुकं फुललं. काकांनी यंत्र आणखी दोनदा चालवायला लावलं. गाडी जोडून झाल्यावर टॅक्सीवाल्या बाईंनी त्यांना शेजारी बसवून चढावर नेलं. गाडी लोण्यासारखी चढली. इंजिन ऐकू येईना, म्हणून काकांनी डॅशबोर्डवर तळवा टेकवला होता.

आता ते यंत्र काकाच सांभाळतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी त्याला खुर्चीवर बसवतात, खिडकी लोटतात आणि म्हणतात, "बघा."