जर्मन वाचता येणारा भाऊ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवालाही नाही — देवापुढे हात जोडले की मुद्दाम दुसरंच काहीतरी मागतो, म्हणजे हा विषय निघत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढे शूर होणं सोपं असतं. तेवढीच माझी लायकी.

आधी कपाटाचं सांगतो — हो, लगेच मुद्द्यावर येत नाही, जुनी खोड आहे. माझ्या भिलाईच्या घरात काचेचं एक कपाट आहे. त्यात जुन्या जर्मन गाड्यांची पुस्तकं. इतिहासाची वेगळी, दुरुस्तीची वेगळी. गुळगुळीत पानांवर पांढरे कोट घातलेले इंजिनीयर, बॉनेटवर असा हात ठेवून उभे, जणू पोटची पोर आहे. रायपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तिथली टोपीवाली हौशी मंडळी मला बाजूला घेऊन विचारतात, ह्या मॉडेलला कार्बोरेटर कोणता होता हो? मी डोळे बारीक करून सांगतो. ती माना डोलावतात. त्यांना काहीच कळत नाही, मला किंचित जास्त कळतं — आणि त्या किंचितवर मी आयुष्यभर मिरवलो.

त्या कपाटातली सगळ्यात जुनी दोन पुस्तकं जर्मनमध्ये आहेत. मला जर्मन येत नाही.

घ्या. अर्धं झालं. सोपं अर्धं.

आमचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या, रशियनांनी उभारलेल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले. त्यांच्या पिढीला रशियन साहेबांच्या हाताखाली राबून चार रशियन शब्द यायचेच. मला त्याच्या वरचं काही हवं होतं. पोस्टानं जर्मनचा कोर्स मागवला आणि तिसऱ्या धड्यावर सोडला. मागवला हे सगळ्यांना सांगितलं. सोडला हे कुणाला नाही. नात्यात, ऑफिसात मी 'जर्मन येणारा' झालो. तपासणार कोण होतं? जर्मन लोक आले होते ते तिकडे राऊरकेल्याच्या प्लांटला.

आणि राऊरकेल्याहूनच एक जुनी जर्मन गाडी आली. दुर्गच्या मोहन नगरात एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी तिकडून आणलेली. ती दादानं घेतली. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. वितळलेल्या पोलादाचं लॅडल, म्हणजे भलीमोठी बादली, खालच्या माणसांच्या वरून न्यायचं काम. त्याचे हात काय होते हे प्लांटमधल्या कुणालाही विचारा. डिकीत ती दोन पुस्तकं होती, एक इतिहासाचं, एक दुरुस्तीचं. मेकॅनिककडे द्यायची नाही, आपण दोघं मिळून बनवू, असं दादानं ठरवलं. कोणाच्या भरवशावर? माझ्या.

रविवारी त्याच्या अंगणात बसायचो. तो गाडीखाली, मी स्टुलावर पुस्तक घेऊन. त्यानं त्या पुस्तकाला कधी हात लावला नाही. पुस्तकाला पाय लागला तर दादा कपाळाला हात लावणारा माणूस — ग्रीसचे हात कसे लावेल? "तूच धर बे, माहे हात खराब आहेत." त्यामुळे चित्रंसुद्धा फक्त मीच पाहायचो. चित्र पाहून वाक्य बनवायचो. मध्येच एखादा जर्मनसारखा वाटणारा शब्द घशातून काढायचो. बहुतेक वेळा भागायचं, कारण चित्रं चांगली होती. दादा खालूनच वहिनीला ओरडायचा, "ऐकून राहिली का वो? कसा फाडफाड वाचून राहिला पाह्य!"

मला काय वाटायचं त्याबद्दल? अभिमान? छे. किळस. इतक्या सहज फसणारा माणूस आपला थोरला भाऊ आहे, ह्याची किळस. मी फसवतोय ह्याची नाही.

त्या दिवशी पुढच्या चाकाची स्प्रिंग काढायची होती. तुम्ही गाडीची स्प्रिंग पाहिली असेल, पण गाडीत बसवलेली स्प्रिंग म्हणजे दाबून धरलेलं जनावर असतं. पानावर चित्र होतं, बाण होते. आणि खाली जाड काळी चौकट. चौकटीत ठळक अक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह. उद्गारचिन्हाला काय भाषा लागते?

मी ते पाहिलं. थबकलो. मला ते स्पष्ट आठवतं, थबकलो.

दादानं खालून विचारलं, "कावून थांबला? आणखी काही लिहिलं आहे का?"

तेव्हा म्हणता आलं असतं — दादा, हे मला वाचता येत नाही, थांब. पण ही एक चौकट येत नाही म्हटलं, तर आधीची सगळी पानं गेली असती. एवढंच गणित होतं. क्षणभराचं. भावाचे हात एका बाजूला, माझी शेखी दुसऱ्या बाजूला.

"काही नाही," मी म्हणालो. "गॅरंटीचं लिहिलं आहे कंपनीनं. तू बोल्ट काढ."

स्प्रिंग उसळली. दादाचा उजवा हात गेला. म्हणजे आहे, मनगटाला लटकलेला आहे, पण त्यात पकड नाही.

तुम्हाला वाटेल हीच ती गोष्ट. नाही. हिला अजून मूर्खपणा म्हणता आलं असतं. गोष्ट हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झाली. वहिनीच्या पदराला ग्रीस आणि रक्त दोन्ही लागलेलं होतं. तिनं मला एकच विचारलं, "भाऊजी, पुस्तकात लिहून असंल ना? तुमी सांगतलं होतं ना त्यायले?"

"सांगितलं होतं, वहिनी. घाईत ऐकलं नसेल त्यानं."

दादा शुद्धीवर आल्यावर तिनं हेच त्याला ऐकवलं. आणि त्यानं मानलं! त्याला त्या दिवसाचं नीट आठवत नव्हतं. लहान भाऊ खोटं कशाला बोलेल? मला जवळ बोलावून म्हणाला, "माह्याच ध्यानात राहिलं नसंल. तुह्यावर उगाच बोल आला बे." त्यानं माझी माफी मागितली. मी दिली. हो — दिली.

क्रेन सुटली. गेटवर पास तपासायला बसवलं. पण त्याहून वाईट घरात झालं. दादा 'न ऐकणारा माणूस' झाला. वहिनी त्याला गॅसच्या सिलिंडरला हात लावू देईना, स्कूटर देईना. पोरंही तेच बोलायला शिकली. आणि मी? मीही टोमणे मारायचो. पुस्तकं जमवत गेलो, कपाट केलं, मेळाव्यात बोलायला उभा राहिलो.

मध्यंतरी फोन त्या चौकटीवर धरला. हल्ली फोन वाचून देतो. मोडक्या मराठीत आलं — स्प्रिंग दाबाखाली आहे, दाबून धरणारं अवजार लावल्याशिवाय बोल्ट सैल करू नये, जिवाला धोका. त्यात नवीन काहीच नव्हतं. इतपत मला त्याच दिवशी कळलं होतं.

गेल्या महिन्यात भिलाई-3 वस्तीत दादाच्या घरी जेवायला होतो. वहिनीनं दही आणायला पाठवलं, त्यानं दूध आणलं. ती ताटं वाढता वाढता म्हणाली, "यायले सांगून का फायदा? सख्ख्या भावानं पुस्तक वाचून सांगतलं तरी नाही ऐकलं यायनं!" सगळे हसले. सुना हसल्या. दादाही हसला, डाव्या हातानं भात कालवत. मीही हसलो आणि वरण मागितलं.

वहिनी, मी सांगितलं नव्हतं. दादानं विचारलं होतं, आणखी काही लिहिलं आहे का म्हणून.

लिहिलेलं होतं.